पोस्ट केल्यावर फोटोचे रंग उडतात, वॉटरमार्क फाटतो: कारण कुठे शोधायचं

लक्षणं

नाशिकमध्ये हौसेनं फोटो काढणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. पोस्ट करण्याआधी फोटो तपासून द्यायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे त्याच त्या तक्रारी माझ्याकडे फिरून फिरून येतात. तुमची तक्रार यातली कोणती, ते आधी ठरवा.

१. रंग उडणं. एडिट करताना देवळावरचा भगवा झेंडा ठसठशीत होता, पोस्ट झाल्यावर विटका दिसतो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्यानं भरलेल्या हौदात, उड्या मारणाऱ्यांच्या फोटोंत हे हमखास होतं.

२. फोटो पुसट होणं. व्हिक्टोरिया पुलाच्या कमानींचे दगड, घाटाच्या पायऱ्यांच्या कडा मूळ फोटोत स्वच्छ असतात. पोस्टमध्ये सगळं एकमेकांत मिसळून जातं.

३. आकाशात पट्टे पडणं. गंगापूर धरणावरचा सूर्यास्त, आणि केशरी रंग निळ्यात विरघळण्याऐवजी पायरी-पायरीनं बदललेला.

४. वॉटरमार्क बिघडणं. अक्षरांभोवती भुसा पसरल्यासारखा दिसतो, लाल अक्षरं फुटतात, नाव अर्धं कापलं जातं किंवा ‘नाशिक’ लिहिलेलं ‘नाशकि’ उमटतं.

५. आपल्या फोनवर फोटो छान, दुसऱ्याच्या फोनवर काळवंडलेला किंवा निळसर.

६. गॅलरीत फोटो उघडला की क्षणभरानं तो आपोआप उजळतो, पण पोस्टमध्ये तो उजेड येत नाही.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एडिटिंगमध्ये नसतं. फोटो बिघडतो तो एडिट संपल्यावर: एक्सपोर्ट करताना, एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये जाताना, अपलोड होताना. लोक मात्र पुन्हा एडिट करायला बसतात, रंग वाढवतात, शार्पनेस वाढवतात आणि तोच फोटो पुन्हा टाकतात. दुसऱ्या खेपेला तो हमखास आणखी वाईट दिसतो, कारण शार्पनेस वाढवला की बारीक दाणाही वाढतो आणि कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल हलकी करण्यासाठी होणारी काटछाट, त्या दाण्यावरच सगळ्यात जास्त अडखळतं. म्हणून खालच्या तपासण्या होईपर्यंत एडिटला हात लावू नका, ही माझी पहिली विनंती.

बिघाड नेमका कुठे झाला

एकाच फोटोच्या तीन प्रती घ्या: कॅमेऱ्यातली किंवा फोनमधली मूळ फाइल, तुम्ही एक्सपोर्ट केलेली फाइल, आणि पोस्टवरून पुन्हा उतरवून घेतलेली फाइल. तिन्ही एकाच स्क्रीनवर, शेजारी शेजारी उघडा. एक फोनवर आणि एक लॅपटॉपवर असं करू नका, त्यातून काहीच कळत नाही.

फोटोतली एकच बारीक जागा निवडा आणि तिन्हींत तीच पाहा. मी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या फोटोत नेहमी पायाजवळची दगडाची कड आणि शेंदराचा पट्टा बघते. कड पुसट झाली असेल तर भानगड आकाराची किंवा कॉम्प्रेशनची. कड शाबूत आहे आणि शेंदूर बदलला असेल तर भानगड रंगाची. मूळ फाइलमध्येच कड पुसट असेल तर फोटो काढतानाच काहीतरी चुकलंय, मग पुढच्या निम्म्या तपासण्यांची गरज नाही.

या कामाला पैसे लागत नाहीत आणि वेळही फारसा जात नाही. पण हे न करता सुरुवात केली तर माणूस चार सेटिंग एकदम बदलतो, आणि फोटो सुधारला तरी कशानं सुधारला ते कळत नाही.

स्क्रीन आणि लेन्स

मूळ फोटोच धुरकट असेल तर आधी फोनची लेन्स पुसा. घाटावर रात्री काढलेल्या फोटोत दिव्यांतून लांब तिरप्या रेघा निघत असतील तर बहुतेक वेळा काचेवर बोटांचा तेलकट डाग असतो. मऊ सुती कापड पुरतं. शर्टाच्या टोकानं पुसू नका, गोदाकाठची बारीक वाळू कापडात असते.

पाचव्या लक्षणासाठी स्क्रीन तपासा. विंडोजमधला नाइट लाइट, आयफोनमधले नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन, अँड्रॉइडमधली डोळ्यांना आराम देणारी सेटिंग्ज, सगळी बंद करून बघा. ही सेटिंग्ज स्क्रीन पिवळट करतात. रात्री अकराला एडिट करणारा माणूस तो पिवळेपणा फोटोतला समजून निळा रंग वाढवतो, आणि सकाळी इतरांना रामकुंड बर्फात असल्यासारखं दिसतं. सॅमसंगसारख्या फोनमध्ये स्क्रीनचा ‘विविड’ मोड असेल तर एडिटपुरता ‘नॅचरल’ करा, नाहीतर रंग पुरेसे भडक आहेत असं वाटून तुम्ही ते फाइलमध्ये कमीच ठेवता. ब्राइटनेसही पूर्ण वर नको. पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला काळारामाच्या काळ्या पाषाणाचा फोटो घरात बसून बघणाऱ्याला कोळशासारखा काळा दिसतो, कोरीवकाम सगळं सावलीत बुडालेलं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार आणि उजेड किती ते सांगणारा आलेख, दाखवणारं ॲप असेल तर डोळ्यांपेक्षा त्यावर विश्वास ठेवा. डावीकडे ढीग चिकटलेला दिसला की सावल्या थोड्या उचला.

सहावं लक्षण नव्या फोनांचं. हल्लीचे बरेच फोन फोटोसोबत उजेडाची एक वेगळी माहिती साठवतात. अँड्रॉइडवर ती २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ बरोबर ‘अल्ट्रा एचडीआर’ नावानं आली, आयफोनमध्ये त्याआधीपासून तसंच काहीसं आहे. गॅलरी ती माहिती वाचून दिवे, आकाश, पाण्यावरची चमक जास्त उजळ दाखवते. एखाद्या एडिटिंग ॲपनं ती माहिती टाकून दिली की उरतो तो साधा फोटो, आणि तो मेल्यासारखा वाटतो. कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआरची ही साठवण बंद करून तोच फोटो पुन्हा काढून बघा. किंवा एडिट करतानाच साधा फोटो बघून त्यातला उजेड हातानं जुळवा. दिवाळीतल्या किंवा गोदा आरतीच्या फोटोंत हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

फोटो कोणत्या रस्त्यानं आला

फाइलचं नाव बघा. अँड्रॉइडवर नावात तारखेनंतर ‘डब्ल्यूए’ ही अक्षरं आणि पुढे आकडे असतील तर तो फोटो व्हॉट्सॲपमधून आलाय. तिथेच थांबा. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लहान करतं, लांब बाजू बरेचदा १६०० पिक्सेलच्या आसपास येते. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला फोटो ६००० बाय ४००० असतो, म्हणजे त्यातलं बहुतेक तपशील आधीच गेलेलं असतं. शिवाय तो एकदा कॉम्प्रेस झालेला असतो आणि पोस्ट करताना पुन्हा होणार असतो. कितीही चांगलं एडिट करा, गेलेलं परत येत नाही.

उपाय साधा आहे. समोरच्याला सांगा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. एचडी पर्याय साध्यापेक्षा बरा आहे, पण एडिटसाठी मला डॉक्युमेंटच लागतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतून व्हॉट्सॲप जागेची माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंटमध्ये ती तशीच राहते. तुम्ही इंदिरानगरातल्या गच्चीवरून पांडवलेणीच्या डोंगराचा फोटो काढला असेल, तर त्या फाइलमध्ये तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात. ओळखीच्या माणसाला पाठवताना ठीक आहे, मोठ्या ग्रुपमध्ये टाकण्याआधी जागेची माहिती काढा. फोनच्या गॅलरीत फोटोच्या तपशिलात तो पर्याय बहुधा असतो.

गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीखाली सर्वोच्च दर्जानं अपलोड करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा आणि तिथलाच डेटा सेव्हर बंद करा. घाटावर गर्दीच्या दिवशी नेटवर्क रखडतं तेव्हा मी पोस्ट करतच नाही, घरी येऊन वायफायवर करते. गॅलरीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो टाकणं तर कधीच करू नका.

आकार

पुसट फोटोचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. इन्स्टाग्राम फोटो १०८० पिक्सेल रुंदीवर आणतं. फेसबुकवर मोठा फोटो २०४८ पिक्सेलपर्यंत बरा टिकतो. तुम्ही ६००० पिक्सेलचा फोटो टाकला तर तो लहान करण्याचं काम त्यांची यंत्रणा करते, घाईनं करते, आणि लहान केल्यावर कडा परत धारदार करायच्या हे तिच्या गावीही नसतं. ते काम आपणच आधी करून दिलं तर तिला हात लावायला फारसं काही उरत नाही.

क्रम असा ठेवा: क्रॉप, मग आकार लहान करणं, मग हलका शार्पनेस, मग वॉटरमार्क, मग एकदाच जेपेग. इन्स्टाग्रामसाठी उभा फोटो १०८० बाय १३५० करा, म्हणजे ४:५. २०२५ पासून तिथे ३:४ सुद्धा चालतं, ते झालं १०८० बाय १४४०. आडवा फोटो १.९१:१ पेक्षा लांबट असेल तर तो कापला जातो. ब्रह्मगिरीची रांग एका फोटोत घ्यायचा हट्ट असेल तर फोटोचे दोन-तीन तुकडे करून सरकत्या पोस्टमध्ये टाका.

शार्पनेस आकार लहान केल्यानंतरच का? मोठ्या फोटोवर दिलेला शार्पनेस लहान करताना विरून जातो. तो विरला म्हणून लोक आधीच जास्त देतात, आणि मग देवळाच्या शिखराभोवती आकाशात पांढरी कड उमटते. लाइटरूममध्ये एक्सपोर्टच्या वेळी ‘स्क्रीनसाठी शार्पन’ असा पर्याय आहे, तो आकार बदलल्यानंतरच लागू होतो. त्यातला मधला दर्जा पुरतो. स्नॅपसीडमध्ये सेटिंगमधून आधी आकार ठरवून सेव्ह करा, ती फाइल पुन्हा उघडून अगदी थोडा शार्पनेस द्या.

रंगाची जागा

आता पहिलं लक्षण. फाइलमध्ये रंग आकड्यांत साठवलेले असतात, आणि त्या आकड्यांचा अर्थ कोणत्या मापानं लावायचा हे प्रोफाइल सांगतं. इंटरनेटवर सगळीकडे धरून चाललेलं माप म्हणजे एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं ते १९९६ मध्ये मांडलं. ॲडोबी आरजीबीचं माप त्याहून मोठं आहे. मोठ्या मापात लिहिलेला आकडा लहान मापानं वाचला की रंग फिका पडतो. भगव्याचं विटकं होतं ते इथे. लाल, केशरी आणि गर्द हिरवा हे रंग सगळ्यात आधी मार खातात, आणि आपल्या शहराच्या फोटोंत नेमके तेच असतात: शेंदूर, झेंडू, पावसाळ्यातले डोंगर.

तपासायची सोपी खूण सांगते. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलच्या नावाची सुरुवातच अंडरस्कोअरनं, म्हणजे खालच्या आडव्या रेघेनं होत असेल, तर कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर आहे. निकॉनमध्ये ती रेघ ‘डीएससी’च्या आधी येते, कॅननमध्ये ‘एमजी’च्या आधी. कॅमेऱ्याच्या मेनूत कलर स्पेस शोधून एसआरजीबी करा. रॉ फोटोंना, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलींना, या सेटिंगचा फरक पडत नाही, पण सोबत निघणाऱ्या जेपेगला पडतो.

आयफोन २०१६ च्या आयफोन ७ पासून डिस्प्ले पी३ मध्ये फोटो काढतो. तेही माप मोठं. प्रोफाइल फाइलसोबत टिकलं तर अडचण येत नाही. मधल्या एखाद्या ॲपनं ते काढून टाकलं की रंग बसले. म्हणून एक्सपोर्ट करताना एसआरजीबी निवडा आणि प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्या.

फोटोशॉप किंवा गिंपमध्ये एक जागा फार फसवी आहे. तिथे प्रोफाइल ‘असाइन’ करण्याचा एक पर्याय असतो आणि ‘कन्व्हर्ट’ करण्याचा दुसरा. आपल्याला कन्व्हर्ट हवं. असाइन केलं तर आकडे तेच राहतात आणि फक्त पाटी बदलते, म्हणजे जो रंग उडण्याची भीती होती तो आपणच उडवतो. कन्व्हर्टमध्ये रंग तोच ठेवून आकडे बदलले जातात. माझ्याकडे ‘एसआरजीबी केलं तरी फिकाच दिसतो’ म्हणून येणाऱ्या फाइलींत असाइन केलेल्या बऱ्याच असतात.

रहाडीच्या फोटोंबद्दल थोडं वेगळं. तिथल्या पाण्याचा रंग इतका गडद असतो की एसआरजीबीत तो मावतच नाही. एक्सपोर्ट केल्यावर अंगावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या सगळ्या छटा जाऊन एकच सपाट डाग उरतो. अशा वेळी पूर्ण फोटोचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, नका कमी करू; त्या एका रंगाचं सॅच्युरेशन आणि उजेड थोडा खाली आणा, छटा परत दिसायला लागतात.

पुन्हा पुन्हा सेव्ह, आणि आकाशातले पट्टे

जेपेग दर वेळी सेव्ह करताना काहीतरी टाकून देतं. ते फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतं. दर्जा फार खाली गेला की ते चौकोन डोळ्यांना दिसतात, आधी आकाशात आणि संथ पाण्यात. एका ॲपमध्ये क्रॉप, दुसऱ्यात फिल्टर, तिसऱ्यात नाव, आणि प्रत्येक वेळी सेव्ह, असं केलं की पोस्ट होण्याआधीच फोटो थकलेला असतो. शक्यतो सगळं एकाच ॲपमध्ये उरका. ॲप बदलावंच लागलं तर मधली फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा आणि जेपेग शेवटी एकदाच, ८५ ते ९० च्या दर्जानं.

पट्ट्यांचं कारण धुकं हटवणारं डीहेझ आणि तपशील उठावदार करणारी क्लॅरिटी. पावसाळ्यात अंजनेरीवरून काढलेला धुक्याचा फोटो असो की धरणावरचा सूर्यास्त, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. त्या ताणल्या की दोन पायऱ्यांमधली फट दिसते. डीहेझ आकाशाला नको, फक्त खालच्या डोंगराला द्या. हल्ली बऱ्याच ॲपमध्ये आकाश वेगळं निवडता येतं. त्यानंतर अगदी हलका ग्रेन, म्हणजे बारीक दाणा, घातला तर उरलेले पट्टेही झाकले जातात. खरं सांगायचं तर धुकं काढूच नये असं मला वाटतं. श्रावणातल्या त्र्यंबकच्या रस्त्यावर धुकं नसेल तर त्या फोटोत उरलं काय?

वॉटरमार्क

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तांत्रिक चूक आणि समजुतीची चूक इथे एकत्र येतात.

‘नाशकि’पासून सुरू करू. मराठीत ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षरानंतर येते पण दिसते आधी. हा क्रम बदलण्याचं काम सॉफ्टवेअरनं करायचं असतं. ज्या ॲपला ते जमत नाही ते ‘श’ आधी ठेवतं, वेलांटी नंतर, आणि ती पुढच्या ‘क’ला जाऊन चिकटते. जोडाक्षरंही तशीच तुटतात, ‘त्र्यंबक’चे हाल बघवत नाहीत. फोटोशॉपमध्ये हे दिसलं तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. बाकी ॲपमध्ये भांडत बसू नका. ज्या ॲपमध्ये मराठी नीट उमटतं तिथे आपलं नाव एकदा मोठ्या आकारात लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी करा आणि कायम तीच वापरा. लाइटरूममध्ये मजकुराच्या जागी ग्राफिक वॉटरमार्क म्हणून ती घेता येते.

फॉन्ट जाड घ्या. देवनागरीत शिरोरेघ, वरच्या मात्रा आणि खालचे उकार अशा तीन मजल्यांवर बारीक रेषा असतात. नाजूक फॉन्टमध्ये त्या कॉम्प्रेशननंतर एकमेकांत मिसळतात. मुक्ता किंवा बालू हे मोफत फॉन्ट यासाठी चांगले, त्यांची जाड वजनं निवडा. १०८० रुंदीच्या फोटोत अक्षराची उंची तीसेक पिक्सेलच्या खाली गेली तर मराठी नाव वाचता येत नाही. आणि वॉटरमार्क आकार लहान केल्यानंतरच टाका. मोठ्या फोटोवर टाकलेलं नाव फोटोसोबत लहान होतं, त्याच्या कडांभोवती भुसा जमतो.

लाल अक्षरं का फुटतात? जेपेगमध्ये उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा साठवला जातो, रंग मात्र बरेचदा चार पिक्सेल मिळून एकच. डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो म्हणून ही काटकसर. बारीक लाल किंवा भगवं अक्षर जवळजवळ फक्त रंगानंच उठून दिसत असतं, त्यामुळे त्याची कड शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडते. पांढरं अक्षर आणि मागे हलकी काळी सावली घ्या. ती जोडी काळारामाच्या पाषाणावरही वाचता येते आणि मुक्तिधामच्या पांढऱ्या संगमरवरावरही.

जागा निवडताना कोपरा टाळा. सरकत्या पोस्टमध्ये उजव्या वरच्या कोपऱ्यात फोटोंचा आकडा येतो, डाव्या खालच्या कोपऱ्यात टॅगचं चिन्ह. प्रोफाइलच्या पानावर फोटो ३:४ मध्ये कापून दिसतात, त्यामुळे आडव्या फोटोच्या दोन्ही बाजू जातात. कडेपासून रुंदीच्या दहाव्या भागाएवढं आत या. मूर्तीवर, कोणाच्या चेहऱ्यावर किंवा कोरीव शिल्पावर नाव टाकू नका. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर आपलं नाव आडवं पसरलेला फोटो मी ग्रुपवर घेत नाही, मग तो कितीही चांगला असो.

समजुतीची चूक ही की वॉटरमार्क म्हणजे कुलूप. तसं नाहीये. कोपऱ्यातलं नाव क्रॉप करून जातं, मधलं नाव आजकालची ॲप सहज पुसतात. वॉटरमार्कचं काम फोटो कोणाचा हे सांगणं, आणि प्रामाणिक माणसाला तुमच्यापर्यंत पोचवणं. मी आणखी एक काम त्याच्याकडून करून घेते: नावासोबत महिना आणि वर्ष लिहिते. दर पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी वाढलं की २०१६ किंवा २०१९ च्या पुराचे फोटो आजचे म्हणून फिरायला लागतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय यावरून घराघरांत घबराट होते. फोटोवरच वर्ष असेल तर निदान आपल्या फोटोमुळे ते होत नाही. २०२७ च्या सिंहस्थात तर लाखो फोटो फिरणार आहेत. तारीख लिहायची सवय आतापासून लावून घ्या.

दिसणाऱ्या नावासोबत फाइलच्या माहितीतही आपलं नाव आणि हक्काची ओळ भरून ठेवा, लाइटरूममध्ये किंवा कॅमेऱ्याच्या मेनूत ती सोय असते. बऱ्याच ठिकाणी अपलोड होताना ही माहिती निघून जाते, तरी तुमच्याकडच्या मूळ फाइलीत ती राहते आणि पुढे पुरावा म्हणून लागते. रॉ किंवा मूळ फाइल कधीही पुसू नका, कारण जो फोटो पळवतो त्याच्याकडे ती नसते.

रामकुंडावर दशक्रियेला बसलेल्या माणसांचे चेहरे, अंघोळ करणाऱ्या बायका आणि मुलं यांचे फोटो वॉटरमार्क लावूनही टाकू नका. एडिट करताना निदान चेहरे ओळखू येणार नाहीत असं क्रॉप करा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी किंवा जांभळा दिसतोय, किंवा काही फाइली उघडतच नाहीत, तर ते मेमरी कार्ड लगेच बाहेर काढा. त्यावर एकही नवा फोटो काढू नका, फॉरमॅट करू नका. नवी फाइल जुन्या फाइलच्या जागेवर लिहिली गेली की ती कायमची गेली. आधी दुसऱ्या कार्ड रीडरमध्ये लावून बघा, तेवढंच घरी करण्यासारखं. सिंहस्थाची पर्वणी किंवा घरातलं लग्न त्या कार्डावर असेल तर मोफत सॉफ्टवेअरचे प्रयोगही नकोत, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

लेन्स पुसूनही सगळे फोटो धुरकट येत असतील तर टॉर्चचा उजेड तिरपा पाडून काचेच्या आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडे पावसाळ्याचे महिने कॅमेरा बॅगेत बंद राहिला की ती धरते. लेन्स उघडण्याचा प्रयत्न करू नका, आतल्या काचांची जुळणी घरी परत बसत नाही. दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. आकाशात प्रत्येक फोटोत त्याच जागी काळा ठिपका येत असेल तर सेन्सरवर धूळ आहे. कॅमेऱ्याच्या मेनूतली सेन्सर सफाई चालवून बघा, ठिपका तरी राहिला तर सेन्सरला कापूस किंवा फुंकर लावू नका.

लॅपटॉपवर रंग कायम चुकीचे दिसतात आणि तुम्हाला प्रदर्शनासाठी मोठे प्रिंट काढायचे आहेत, तर मॉनिटर कॅलिब्रेट करावा लागेल, म्हणजे त्याचे रंग मोजून जुळवून घ्यावे लागतील. त्याला स्क्रीनवर ठेवायचं यंत्र लागतं. फक्त ऑनलाइन टाकायचे असतील तर ते विकत घेऊ नका. ओळखीच्या स्टुडिओकडून एकदा करून घ्या, आणि प्रिंट काढणाऱ्या लॅबकडे त्यांचं प्रोफाइल मागा.

फोटो चोरीला गेला तर आधी पोस्टच्या स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि पत्ता येईल अशी नोंद करा, मग त्या साइटचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. त्याला पैसे लागत नाहीत आणि बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. चोरणाऱ्याला जाहीर शिव्या घालू नका; त्यानं फोटो काढून टाकला की तुमचा पुरावाही जातो. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणाऱ्याचा हक्क नोंदणी न करताही असतो, आणि प्रसिद्ध झालेल्या फोटोवर तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ६५-ब खाली गुन्हा आहे. पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि लेखी काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क काम देणाऱ्याचा ठरतो. तिथे स्वतः भांडायला जाऊ नका.

तुमचा फोटो एखाद्या होर्डिंगवर, हॉटेलच्या जाहिरातीत किंवा बिल्डरच्या माहितीपत्रकात दिसला तर फॉर्म भरून भागणार नाही, वकील लागेल. जाताना मूळ फाइल, त्याच वेळी मागेपुढे काढलेले फोटो, तुमच्या पहिल्या पोस्टची तारीख, आणि होर्डिंगचा जागेसकट काढलेला फोटो घेऊन जा. मागेपुढे काढलेले फोटो लोक नेहमी विसरतात. तिथे तुम्हीच उभे होतात हे त्यांच्याइतकं ठामपणे दुसरं काही सांगत नाही.